कारागिराचं स्वतःचं मशीन आमच्या कामावर जळालं, भरपाई कोणी द्यायची?

साइटबुक (धागाकर्ता)

मंडळी, चार दिवस झाले, एकाच गोष्टीवरून भागीदाराशी वाद चाललाय. इथे साइटवर वावरणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

मी छोटा ठेकेदार. फिनिशिंगची कामं घेतो: टाइल, प्लंबिंग, फॉल्स सीलिंग, थोडं फर्निचर. कायमची माणसं चौदा. गेल्या आठवड्यात बाथरूमच्या भिंतीत पाइपासाठी खाच मारायची होती आणि आमचं मोठं हॅमर मशीन दुसऱ्या साइटवर अडकलेलं. प्लंबर म्हणाला, "माझं घरचं मशीन आहे, घेऊन येतो. कशाला खोळंबायचं?" मी फोनवर बोलत होतो, मान डोलावली आणि विसरलो.

त्याचं मशीन छोटं, भोकं पाडायचं. त्यावर छिन्नी लावून त्याने सकाळपासून काँक्रीट फोडलं. दुपारी मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या, मग जळका वास, मग बंद. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलं. त्याभोवतीची फील्ड कॉइलही काळी पडलीय म्हणे.

भागीदाराचं म्हणणं: आपण आणायला सांगितलं नव्हतं, त्याने हौसेने आणलं, त्यात छोट्या मशीनला मोठं काम लावलं, चूक त्याची. प्लंबरचं म्हणणं एकाच वाक्याचं: "काम तुमचं खोळंबलं होतं, माझं नाही. माझी हजेरी तशीही लागलीच असती."

या वाक्याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

एरवी आमच्याकडे अलिखित नियम असा की हाताने चालवायचं हत्यार कारागिराचं, प्लगला लागतं ते आमचं. पण आता बॅटरीवरची मशीन आली, ती प्लगला लागत नाहीत, आणि निम्मी पोरं स्वतःचा ड्रायव्हर पाठीवरच्या पिशवीत घेऊन येतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे?


रंधा_पटाशी

बावीस वर्षं सुतारकाम करतोय. आधी भरपाईचं सांगून टाकतो: द्या. मान डोलावलीत ना? झालं तर.

आता हत्यारांबद्दल. माझी पटाशी, रंधा, गुण्या, खतावणी (लाकडावर रेघ आखायची), हातकरवत या वस्तू मला कोणी फुकट दिल्या तरी मी वापरणार नाही. दुसऱ्याने घासलेल्या पटाशीचा कोन वेगळा असतो. मी मऊ लाकडासाठी पंचवीस अंशांवर लावतो, ठोकायचं काम असेल तर तीसवर, आणि मागची बाजू आरशासारखी सपाट ठेवतो. कंपनीच्या पेटीतली पटाशी बघा. धार गेली की कुणीतरी ग्राइंडरवर टेकवलेली असते. टोक निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग तिला कितीही घासा, धार तासभर टिकत नाही.

एकदा माझी एक इंचाची पटाशी जेवणाच्या सुट्टीत गायब झाली. परत आलो तर रंगकामाचा पोरगा तिने डबा उघडत होता. उघडून झाल्यावर तिनेच रंग ढवळला. त्याला ओरडलो नाही, कारण त्याला खरंच कळलं नव्हतं की मी एवढा गप्प का झालो. त्या दिवसापासून पेटीला कुलूप.

हाताच्या हत्याराला हात लागलेला असतो. तुम्ही हजेरी देता ती हातालाही आणि त्यालाही. पण हॅमर मशीनला असलं काही नसतं. ते झिजायलाच बनवलेलं आहे, आणि ज्याच्या कामासाठी झिजतं त्याने ती झीज भरावी. तुमचा अलिखित नियम चांगला आहे, फक्त प्लगच्या जागी झीज धरा.


टाचणी

+१. "मान डोलावली आणि विसरलो" यातच सगळं आलं.


फेज_न्यूट्रल

इलेक्ट्रिशियनच्या बाजूने थोडं वेगळं.

मल्टिमीटर आणि टेस्टर मी कंपनीचा कधीच घेत नाही. त्यात हौस नाही, जिवाची भीती आहे. लाइन बंद आहे की नाही हे बघायच्या आधी मीटर चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. तिन्ही वेळा बरोबर दाखवलं तरच हात घालायचा. पेटीतून काढलेल्या मीटरच्या वायरी आधी कोणी कशा ओढल्यात, आतला फ्यूज बदलताना कोणी साधी तार तर गुंडाळली नाही ना, हे मला कसं कळणार? माझ्या मीटरवर मी मेलो तर निदान चूक माझी असेल.

पक्कड, स्क्रू ड्रायव्हर माझे. केबल ओढायची स्प्रिंग, शिडी, चेसर (भिंतीत खाच कापायचं मशीन), मेगर (इन्सुलेशन तपासायचं) कंपनीचं. क्रिम्पिंगचा मोठा पान्हाही कंपनीचा, तो एकट्याने घेऊन परवडत नाही.

धागाकर्ते, तुमच्या प्लंबरचं मशीन फार जुनं होतं का? केबल कशी होती, तेवढी बघून सांगा. विचारतोय त्याला कारण आहे.


हेल्मेट_आधी

फेज यांनी केबल विचारली, ती कशासाठी ते मी सांगतो. साइट सेफ्टीत काम करतो.

भरपाई कोणाची हा प्रश्न नंतरचा. मशीन जळालं म्हणून धागा निघाला. त्याच मशीनच्या सोललेल्या केबलने शॉक बसला असता तर धागा निघाला नसता, चौकशी निघाली असती. आणि चौकशीत "ते त्याचं स्वतःचं होतं" हे उत्तर चालत नाही. अमेरिकेत ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, बांधकाम नियमांत कलम १९२६.३०० स्पष्ट म्हणतं की हत्यार मालकाने दिलेलं असो की कामगाराने आणलेलं, ते सुरक्षित अवस्थेत असलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९८चे कामाच्या उपकरणांचे नियम आहेत, पुवर (PUWER) म्हणतात. कामगाराला स्वतःचं उपकरण वापरू दिलं तर ते त्यांच्याखाली येतं. सरळ अर्थ असा की मालकी कामगाराची राहिली तरी तपासायची जबाबदारी काम देणाऱ्याची.

एक प्रसंग सांगतो, अजून डोळ्यांसमोर आहे. एका कामावर फॅब्रिकेशनवाल्याचा स्वतःचा चार इंची ग्राइंडर होता. गार्ड काढलेला. त्यावर सात इंची चकती, आतलं भोक मोठं म्हणून बुश, म्हणजे भरीचं कडं, घातलेला. मी चकती हातात घेऊन वाचली: कमाल फेरे मिनिटाला ८,५००. ग्राइंडरच्या पाटीवर ११,०००. हिशेब करून बघा. १८० मिलिमीटरची चकती ११,००० फेऱ्यांनी फिरली की तिची कड सेकंदाला सुमारे १०४ मीटर वेगाने जाते, आणि ती बनवलेली ८० मीटरसाठी. त्याला म्हटलं, हे बंद कर. तो म्हणाला, "मशीन माझं, हातही माझा." त्याचा हात त्याचा, कबूल. पण चकती फुटली की तुकडा कोणाच्या दिशेने जाईल हे तो ठरवत नाही. त्याच्या समोर दोन बिगारी विटा रचत बसले होते.

कंपनीने दिलेलं मशीन असतं तर गार्ड काढल्याबद्दल मी ते सरळ जप्त केलं असतं. त्याचं होतं म्हणून अर्धा तास वाद घालावा लागला. स्वतःच्या हत्यारांची खरी अडचण मला हीच वाटते: सांगायला गेलं की माणसाच्या मानाचा प्रश्न होतो.

म्हणून आता मशीन आत येतानाच बघतो, काम सुरू झाल्यावर नाही. गार्ड आहे का, केबलला मध्ये टेप गुंडाळलेली आहे का, प्लग मूळचा आहे का, स्विच सोडल्यावर सुटतो का. दुहेरी इन्सुलेशनची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, असेल तर दोन पिना ठीक. नसेल तर तिसरी पिन आणि अर्थ हवाच. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर अखेरची तारीख कोरलेली असते, रेझिनच्या चकतीला बनवल्यापासून साधारण तीन वर्षं. घरच्या पेटीत पाच-सहा वर्षांची चकती सहज सापडते, ओल खाल्लेली. पास झालं की त्या महिन्याच्या रंगाची पट्टी केबलला लावायची. पट्टी नाही तर बोर्डात प्लग नाही, मग बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीडी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) कितीही चांगलं असो.

अवांतर: ब्रिटनच्या साइटवर हातमशीनला ११० व्होल्टचा पुरवठा देतात, ट्रान्सफॉर्मरचा मध्यबिंदू अर्थ केलेला, त्यामुळे जमिनीच्या मानाने ५५ व्होल्टच. तिथे घरचं २३० व्होल्टचं मशीन नेलं तर प्लगच बसत नाही. अर्धा वाद तिथेच संपतो.


रंधा_पटाशी

हेल्मेट, मानाचं बोललात ते खरं आहे, पण मानाची दुसरी बाजूही सांगतो. स्वतःच्या मशीनचा गार्ड काढणारे थोडे असतात. मी पाहिलेले बहुतेक तुटके गार्ड, बांधलेले स्विच, दाताने सोललेल्या केबली कंपनीच्या मशीनवरच होत्या. ज्याला नाव नाही त्याला कोणी पुसत नाही.


हेल्मेट_आधी

मान्य. म्हणूनच पट्टी दोघांनाही सारखी. कंपनीच्या मशीनला सूट दिली की पहिल्याच दिवशी माझं तोंड बंद होतं.


हिशेबनीस

मी बांधकाम कंपन्यांचे हिशेब बघतो. इथे सगळे हत्यारावर बोलताहेत, मी पैशावर बोलतो.

स्वतःचं मशीन आणणाऱ्याला पैसे मिळतात तीनच वाटांनी. एक, हजेरीतच धरलेले. दोन, हजेरीवर वेगळा रोजचा भत्ता. तीन, मशीनचं भाडं. सगळ्यात जास्त चालते पहिली वाट आणि सगळ्यात वाईटही तीच. "तुझा रेट जास्त आहे, त्यात मशीन आलं" असं म्हणतात, पण किती आलं हे दोघांनाही माहीत नसतं. मशीन नसलेल्या दिवशीही तोच रेट, आणि जळालं त्या दिवशीही तोच. मग भांडण होणारच, कारण ज्या रकमेवरून भांडायचं तीच कुठे लिहिलेली नसते.

आकडा काढणं अवघड नाही. मशीनची किंमत घ्या, ते तुमच्या प्रकारच्या कामात किती दिवस टिकतं त्याने भागा, त्यात कार्बन (मोटरचे ब्रश), ग्रीस, केबल, एखादं रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळणं) मिळवा. आलेला आकडा हजेरीपत्रकात वेगळ्या रकान्यात. ज्या दिवशी मशीन चाललं त्या दिवशी भरायचा, नाही त्या दिवशी रेघ. असा भत्ता देत असाल तर झिजून मेलेल्या मशीनची जबाबदारी बऱ्याच अंशी त्याची, कारण झिजेचे पैसे त्याने घेतलेत. भत्ता देत नसाल तर झीज तुमची. तुमच्या प्लंबरच्या बाबतीत भत्ता नव्हता. म्हणजे उत्तर मिळालंच.

बिट, चकती, ब्लेड, छिन्नी ही हत्यारं नव्हेत, माल आहे. ती कामगाराच्या खिशातून जाता कामा नयेत. कारागीर स्वतःच्या बिटने काम करायला लागला की तो बोथट बिट आणखी चार भोकं रेटतो, कारण नवा त्याच्या पैशाचा. मशीन त्यानेच जळतं आणि टाइलही त्यानेच फुटते.

परदेशी नियमांतला एक मुद्दा मला पटतो. अमेरिकेच्या किमान वेतन कायद्यानुसार मालकाच्या कामासाठी लागणारी हत्यारं कामगाराला विकत घ्यायला लावून त्याची मजुरी किमान वेतनाखाली नेता येत नाही. कॅलिफोर्नियात तर असं आहे की धंद्यात रुळलेली हातहत्यारं स्वतः आण असं सांगायचं असेल तर त्या कामगाराची मजुरी किमान वेतनाच्या निदान दुप्पट हवी. म्हणजे हत्यार आण म्हणायचा हक्क हवा तर आधी हत्यार परवडेल एवढं द्या.

आणि एक सावधगिरी. माणूस नोकर की स्वतंत्र कंत्राटदार, हा वाद कोर्टात गेला की हत्यारं कोणाची, हा बहुतेक देशांत विचारला जाणारा प्रश्न. एकट्या तेवढ्यावर निकाल लागत नाही, पण त्याला वजन असतं. काही मालक मुद्दाम सगळी हत्यारं कामगाराच्या गळ्यात मारतात ते यासाठीच. तुमचं तसं नाही, पण भागीदाराला सांगून ठेवा.


मोठा_घोळ

सगळे मालकालाच शहाणपण शिकवताहेत. मीही मालक आहे, मलाही बोलू द्या.

कंपनीने सहा ड्रायव्हर घेतले. वर्षात दोन उरले. एक वरून पडला, एक पाण्यात, एकाची बॅटरी "सापडत नाही", एक कोणाच्या घरी कपाट जोडायला गेला तो तिथेच राहिला. तीच पोरं स्वतःचा ड्रायव्हर फडक्यात गुंडाळून ठेवतात. मग मी ठरवलं, ज्याचं त्याने आणायचं, मी महिन्याला भत्ता देतो आणि बिट देतो. तेव्हापासून एकही मशीन पडलेलं नाही. काय चुकलं माझं?


हिशेबनीस

घोळराव, काही चुकलं नाही. भत्ता देताय ना, मग हीच ती दुसरी वाट.


नवीन_हात

मी कामाला लागून आठ महिने झाले. मोठ्यांचं वाचून बरं वाटलं, पण आमचंही ऐका.

पहिल्या दिवशी मला विचारलं, "हत्यारं कुठायत?" माझ्याकडे टेप आणि पक्कड. त्या दिवशी मला मलबा उचलायला लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्याबरोबर लागलेल्या एकाकडे भावाचं ड्रिल होतं, त्याला तिसऱ्या दिवशी फॉल्स सीलिंगच्या फ्रेमवर चढवलं. काम त्यालाही येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. फरक ड्रिलचा. आता तो कारागीर म्हणवतो, मी हेल्पर.

उचल घेऊन मशीन घ्यावं म्हटलं तर ती उचल फिटेपर्यंत साइट सोडता येत नाही. रंधा काका म्हणतात हात लागलेला असतो. हात लागायला आधी हत्यार हातात यावं लागतं ना?


रंधा_पटाशी

बाळा, हे मनाला लागलं. मी शिकलो तेव्हा उस्तादाच्या पेटीतली जुनी हत्यारं वापरायची मुभा होती, मोडलं तर शिव्या, पण मुभा होती. आता पेटीला कुलूप लावणाऱ्यांत मीही आहे. यावर विचार करतो.


डावखुरी

घोळराव म्हणतात तसा भत्ता मला हवाच आहे, पण माझं कारण वेगळं. मी डावखुरी आहे आणि टाइल बसवते. कंपनीचा हातकटर, सर्क्युलर सॉ, खाचांची थापीसुद्धा, सगळं उजव्यांसाठी. सर्क्युलर सॉ नेहमीच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या ब्लेडचा असला तर डाव्या हाताने धरल्यावर रेघ दिसते, पण भुसा आणि तुकडे अंगावर येतात. उलट बाजूच्या ब्लेडचा असला तर रेघच दिसत नाही आणि मान वाकडी करून कापावं लागतं. त्यात मुठी माझ्या हातासाठी जाड. दिवसभर जाड मूठ आवळली की संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, सकाळपर्यंत जात नाही.

म्हणून मी माझ्या हत्यारांवर ठाम आहे. पण "तुझीच आवड, तुझाच खर्च" हे मला मान्य नाही. उजव्यांना हाताला बसेल असं हत्यार कंपनी देतेच, तीही आवडच की.

बाकी साइटबुक, झिजण्यापेक्षा जास्त हत्यारं चोरीला जातात. त्याचं काय ठरवलंय? माझी पेटी रात्री साइटवर ठेवायची की रोज खांद्यावर वाहायची?


ओळंबा

चोरीचं बोलाच, पण त्याआधी कोणीच न काढलेली गोष्ट काढतो: मापाची हत्यारं. इथे स्वतःचं की कंपनीचं यापेक्षा एकच आहे का, हे महत्त्वाचं.

एका कामावर सुतार आणि अॅल्युमिनियमवाला, दोघांच्या दोन टेपा. खिडकीच्या चौकटी एकाने मोजल्या, दुसऱ्याने कापल्या. प्रत्येक चौकट तीन मिलिमीटरने घट्ट. दोघे दिवसभर एकमेकांच्या मापाला नावं ठेवत होते. शेवटी दोन्ही टेपा शेजारी पसरल्या तर एकीचा टोकाचा आकडा (हूक) वाकलेला निघाला. टेपेचा आकडा थोडा हलतो तो बिघाड नव्हे, तो स्वतःच्या जाडीइतका हलायलाच हवा. आकडा अडकवून मोजताना तेवढा बाहेर येतो आणि आत टेकवून मोजताना तेवढा आत जातो. पण टेप खाली पडून आकडा वाकला की हिशेब बिघडला. आणि हे दुसरी टेप शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

लेव्हलचंही तसंच. पट्टी भिंतीला लावा, बुडबुडा बघून रेघ मारा. मग पट्टीची टोकं उलटी करून त्याच रेघेवर ठेवा. बुडबुडा तिथेच आला तर पट्टी खरी. सरकला तर पट्टी खोटी, मग ती कितीही महाग आणि कितीही स्वतःची असो. लेझर एकदा तिपाईवरून पडला की तपासल्याशिवाय त्याच्यावर टाइल लावू नये. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) तर वर्षाने किंवा ५,००० वेळा वापरून झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेट करायचा, म्हणजे प्रमाणाशी ताडून घ्यायचा असतो. घरून आणलेल्या रेंचची मोजणी कोण ठेवतो?

माझा नियम: टेप, लेव्हल स्वतःची खुशाल आणा. पण कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली टेप एका मुख्य टेपेशी लावून दाखवायची. ज्याची चुकते त्याने ती घरी पडदे मोजायला ठेवावी. लेझर आणि टॉर्क रेंच कंपनीचेच.


फेज_न्यूट्रल

ओळंबा, "घरी पडदे मोजायला" :)

बॅटरीबद्दल साइटबुकने विचारलं होतं ते राहूनच गेलं. प्रत्येकाची वेगळी बॅटरी, वेगळा चार्जर आणि साइटवर एकच बोर्ड. दुपारी सात चार्जर एकावर एक लटकलेले असतात, शेजारी पातळ रंगाचा डबा. चार्जिंगची जागा कंपनीने ठरवून द्यावी, मशीन कोणाचंही असो. बरेच जण १८ आणि २० व्होल्टवरून भांडतात, तेही नको. आत तेच पाच सेल. सेलला ३.६ धरले की १८, पूर्ण चार्जचे सुमारे ४ धरले की २०. व्होल्ट जुळले म्हणून दुसऱ्या कंपनीची बॅटरी अडॅप्टर लावून बसवू नका, सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट प्रत्येकाचं वेगळं असतं.


हेल्मेट_आधी

मशीनमुळे हाताला बसणाऱ्या कंपनाचं राहिलं. साइटबुक, तुमचा प्लंबर सकाळपासून दुपारपर्यंत छिन्नी धरून होता, हे मी पुन्हा वाचलं. युरोपच्या २००२च्या निर्देशात आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ओलांडलं की उपाय करायचे आणि ५ ही कमाल मर्यादा. मशीनचं कंपन १० असेल तर २.५ चा उंबरठा अर्ध्या तासात येतो आणि ५ ची मर्यादा दोन तासांत. कंपन दुप्पट झालं की वेळ चौथाई होते. जुनं, ढिलं झालेलं, बोथट छिन्नीचं मशीन यात आणखी भर घालतं. त्याला विचारा, त्या रात्री बोटं बधिर होती का.


साइटबुक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

प्लंबरला विचारलं. बोटं रात्री बधिर होती, सकाळी शर्टाची बटणं लावायला वेळ लागला. हे त्याने मला आधी सांगितलं नव्हतं, मशीनचं तेवढं सांगितलं. त्याला डॉक्टरकडे पाठवलंय.

आता भरपाई. भागीदाराला हा धागाच वाचायला दिला. तो "टाचणी"पर्यंत आला आणि म्हणाला, "तू मान डोलावलीस हे मला सांगितलंच नव्हतंस." खरंय, नव्हतं सांगितलं. रिवाइंडिंग, फील्ड कॉइल, कार्बन, सगळा खर्च आम्ही देतोय.

डावखुरी, चोरीचं आम्ही असं ठरवलं: गेटवरच्या वहीत आत येणाऱ्या मशीनचा नंबर लिहायचा आणि फोटो काढायचा. याचा दुसराही फायदा, जाताना वॉचमन "हे कुठून आणलंस" म्हणून अडवत नाही. पूर्वी आमचाच एक माणूस स्वतःचं ड्रिल घेऊन अर्धा तास गेटवर उभा राहिलाय. रात्री आमच्या कुलपात ठेवलेलं गेलं तर आमच्या अंगावर, बाहेर राहिलं तर ज्याचं त्याच्या. विमा बघितला, त्यात फक्त कंपनीचं सामान आहे. कामगारांची हत्यारं वेगळी नोंदवून जास्तीचा हप्ता भरावा लागेल. भागीदार विचार करतोय, म्हणजे नाही म्हणतोय. मी लावून धरणार आहे.

भत्त्याचा रकाना या महिन्यापासून सुरू. नवीन_हात, तुझं वाचून एक पेटी काढली आहे: दोन ड्रिल, एक ग्राइंडर, हातहत्यारांचा एक संच, फक्त हेल्परांसाठी. पहिल्याच दिवशी त्यातला हातोडा हरवला, ते असो.

मोठं हॅमर काल परत आलं. प्लंबर अजून वजनदार कामावर नाही, म्हणून दुसऱ्याला दिलं. त्याने दहा मिनिटं चालवलं आणि म्हणाला, "चकमध्ये छिन्नी डुलतेय साहेब, माझं आणू का?" या वेळी फोन खाली ठेवला आणि वहीत लिहिलं.


फेज_न्यूट्रल

छान झालं. आणि त्या जळालेल्या मशीनची केबल?


साइटबुक (धागाकर्ता)

मुठीपाशी चार बोटं सोललेली निघाली, वर काळी टेप. त्याने मागच्या वर्षी स्वतःच गुंडाळली होती म्हणे. नवी बसवून घेतली.